आंब्याच्या पेढीचा फोन आणि परदेशी कॉलचा रस्ता

देवगडात माझं एसटीडी-आयएसडी बूथ होतं. पिवळी पाटी, काचेचं दार, आत एक लाकडी स्टूल आणि माझ्या टेबलावर लाल आकडे पळवणारं मीटर. आयएसडीचं कुलूप माझ्याकडे. कोणी म्हणालं, दुबईला लावायचाय, की मी आधी माणूस बघायचो, मग घड्याळ, मग नंबर लिहिलेली चिठ्ठी. नंबर बहुतेक वेळा मीच फिरवायचो, कारण लोक शून्य एकतर जास्त दाबायचे नाहीतर कमी. मोबाईल आले, बूथ बसलं.

आता त्याच गाळ्यातून मी आंब्याच्या पेढ्यांना आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांना फोन सिस्टीम बसवून देतो. परदेशी कॉलचा रस्ता आखणं म्हणजे बूथवर मी डोळ्यांनी करायचो ते यंत्राला लिहून देणं: कोण लावतोय, कुठे लावतोय, किती वाजता. बसवणारी पोरं हे लिहीत नाहीत. "शून्य शून्य आणि पुढे काहीही" असा एक नियम टाकतात, दुबईला एक कॉल लावून दाखवतात, पैसे घेऊन जातात. कॉल लागतो, म्हणून पेढीवाला खूश. कुठे कुठे लागू शकतो ते त्याला बिल आल्यावर कळतं.

मी बहुतेक ठिकाणी ॲस्टरिस्क नावाच्या फोन-सॉफ्टवेअरवर चालणारं फ्रीपीबीएक्स (संगणकावरचं ऑफिसातलं एक्स्चेंज) वापरतो, म्हणून पडद्यावरची नावं त्याचीच सांगतो. तुमच्याकडे दुसरी सिस्टीम असली तरी खाती साधारण हीच असतात, नावं थोडी इकडेतिकडे.

आधी वही नीट करा

संगणकाला हात लावण्याआधी पेढीतली नंबरांची वही मागून घ्या. एका आंब्याच्या पेढीचे मालक आमचे तात्या, त्यांच्या वहीत लंडनच्या एका गिऱ्हाइकाचा नंबर तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी होता. एका जागी इंग्लंडच्या चव्वेचाळीस कोडच्या पुढे कंसात शून्य. हा कंसातला शून्य फार छळतो. तो इंग्लंडमधल्या इंग्लंडमध्ये फिरवायचा असतो, जसा आपण मालवणला ०२३६५ लावताना सुरुवातीचा शून्य लावतो. बाहेरून लावताना तो गाळायचा. मालवणचा नंबर परदेशातून लावणाराही ९१ नंतर थेट २३६५च दाबतो.

सगळे नंबर एका साच्यात लिहा: ००, मग देशाचा कोड, मग स्थानिक नंबर. भारतातून परदेशी लावायला ०० लागतात. मोबाईलच्या वहीत जिथे अधिकचं चिन्ह असतं तिथे टेबलावरच्या फोनवर हे दोन शून्य. ई.१६४ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याप्रमाणे देशाचा कोड धरून नंबर जास्तीत जास्त १५ आकडी असतो. कमीत कमी किती ते देशादेशावर आहे. कुवेत, कतार, ओमान यांना कोडच्या पुढे ८ आकडे. अमिरातीचा मोबाईल कोडच्या पुढे ९ आकडी आणि ५ ने सुरू होणारा. दुबईची लँडलाइन ४ ने सुरू होते आणि ८ आकडी असते. वहीतला नंबर यात बसत नसेल तर तो चुकीचा आहे. सिस्टीमला दोष देण्याआधी हे मोजा.

एक जुनी सवयही बघून घ्या. पूर्वीच्या ईपीएबीएक्सवर, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या एक्स्चेंजवर, बाहेरची लाइन घ्यायला आधी शून्य दाबायचा. तात्यांच्या मुनीमजींचं बोट अजून तसंच पडतं. त्यामुळे दुबईचा कॉल ०००९७१ असा तीन शून्यांनी यायचा आणि लागायचा नाही. मुनीमजींची सवय मोडण्यापेक्षा मी तीन शून्यांचे नियमही जोडीला लिहून टाकले. चाळीस वर्षं हिशेब लिहिणाऱ्या माणसाला बोट कसं दाबायचं ते मी काय शिकवणार?

जिथे माल जातो तेवढेच देश उघडा

मागच्या हंगामाची इन्व्हॉइसं काढा. ज्या देशांची नावं त्यात आहेत, तेवढेच कोड कागदावर उतरवा. तात्यांचे निघाले पाच: अमिराती ९७१, कुवेत ९६५, कतार ९७४, ओमान ९६८, इंग्लंड ४४. पुतण्या म्हणाला, अमेरिकेचा १ पण घाला, पुढच्या वर्षी तिकडे पाठवायचाय. मी म्हटलं, पाठवशील तेव्हा घालू.

एकच्या बाबतीत मी मुद्दाम अडून बसतो. १ हा एकट्या अमेरिकेचा कोड नाही. कॅनडा त्यात आहे, आणि जमैका, डोमिनिकन रिपब्लिक अशी कॅरिबियनमधली बरीच बेटंही. १ नंतर ८७६ आलं तर फोन न्यूयॉर्कला नाही, जमैकाला जातो. नंबर दिसायला तसाच, दर भलताच. "एक आणि पुढे दहा आकडे" असं मोकळं लिहिलंत तर अमेरिकेबरोबर ही सगळी बेटं उघडली. गिऱ्हाईक ज्या शहरात आहे तिथला तीन आकडी एरिया कोड विचारा आणि तेवढाच लिहा.

आता पडद्यावर. कनेक्टिव्हिटीमध्ये आउटबाउंड राउट्स (बाहेर जाणाऱ्या कॉलचे रस्ते), त्यात नवीन राउट, आणि त्यातलं डायल पॅटर्नचं (नंबराच्या साच्याचं) पान. चार खाने दिसतील. प्रिफिक्समध्ये जे लिहाल ते जुळल्यावर कापलं जातं. प्रिपेंडमध्ये लिहिलेलं पुढे चिकटवलं जातं. मॅच पॅटर्न म्हणजे मधला नंबर. चौथा कॉलर आयडीचा, म्हणजे कॉल लावणाऱ्याच्या नंबराचा, खाना लोक रिकामा सोडतात. त्याच्याकडे आपण नंतर येऊ.

पॅटर्नमध्ये अक्षरं इंग्रजीत टाकायची. एक्स म्हणजे ० ते ९ पैकी कोणताही आकडा, झेड म्हणजे १ ते ९, एन म्हणजे २ ते ९. टिंब म्हणजे पुढे एक किंवा कितीही आकडे. या टिंबापासून लांब राहा. दुबईच्या मोबाईलसाठी प्रिफिक्समध्ये ००, मॅचमध्ये ९७१५ आणि पुढे आठ एक्स. दुबईच्या लँडलाइनला ९७१४ आणि सात एक्स. कुवेतला ९६५ आणि आठ एक्स. लंडनच्या लँडलाइनला ४४२० आणि आठ एक्स. इंग्लंडच्या मोबाईलला ४४७, मग चौकोनी कंसात १ ते ९, मग आठ एक्स. तो कंस कशाला? इंग्लंडमध्ये ०७०ने सुरू होणारे नंबर दिसतात मोबाईलसारखे, पण ते मोबाईल नसतात, महाग पडतात आणि फसवणुकीत वापरले जातात. कंसात शून्य नाही, म्हणून ते आपोआप बाहेर.

प्रिपेंडमध्ये काय टाकायचं ते तुमच्या लाइनवाल्याला विचारा. कोणाला ०० लागतात, कोणाला अधिकचं चिन्ह, कोणाला नुसता देशाचा कोड. नव्वद टक्के "कॉल लागत नाही" इथेच अडलेले असतात, असा माझा अनुभव.

राउटची क्रमवारी वरून खाली वाचली जाते. जो आधी जुळेल तो घेतला जातो. सगळ्यात वर ११२, त्याच्यावर कसलीही अट नको, पिन नको, वेळेचं बंधन नको. मग स्थानिक, मग देशातले. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला लावताना आधी शून्य लागतो, तो नियम देशातल्या राउटमध्ये हवा. पण तिथे "शून्य आणि टिंब" असं लिहू नका. शून्यापुढे टिंब म्हणजे ००९७१ सुद्धा त्यातच बसलं, आणि परदेशी कॉल तुमच्या सगळ्या अटी चुकवून देशी रस्त्याने निघून गेला. शून्य, मग झेड, मग नऊ एक्स. झेडमध्ये शून्य येत नाही, म्हणून दोन शून्यांचा नंबर तिथे अडतो. परदेशी राउट त्याच्या खाली. कशातच न बसलेला नंबर कुठेच जात नाही, आणि तेच आपल्याला हवं आहे.

नंबर दाबून झाल्यावर फोन पाच-सहा सेकंद गप्प बसतो, अशी तक्रार येईल. परदेशी नंबर किती लांब ते फोनला ठाऊक नसतं, म्हणून तो आणखी आकड्यांची वाट बघतो. शेवटी चौकट (#) दाबली की लगेच जातो.

कोणाच्या टेबलावरून

पेढीत सात फोन आहेत. ऑफिसात तीन, पॅकिंग शेडमध्ये दोन, गेटवर एक आणि तात्यांच्या घरात वहिनींपाशी एक. परदेशी बोलणारी माणसं दोनच, तात्या आणि पुतण्या. हंगामात शेडमध्ये रोज नवी माणसं असतात, पेट्या भरणारी, टेम्पोवाले, हमाल. ती वाईट आहेत असं नाही. पण उघडं दार दिसलं की माणूस आत डोकावतोच, बूथवर मी हे वर्षानुवर्षं बघितलंय.

तो चौथा खाना इथे कामाला येतो. परदेशी पॅटर्नच्या कॉलर आयडीमध्ये तात्यांच्या एक्स्टेन्शनचा, म्हणजे त्यांच्या टेबलावरच्या फोनचा, नंबर लिहा, समजा २०१. तोच पॅटर्न पुन्हा लिहून पुतण्याचा २०२. झालं. गेटवरून कोणी दुबई दाबली तर तो पॅटर्न जुळतच नाही.

पिन लावण्याचीही सोय आहे, पण पेढीत पिनवर माझा विश्वास नाही. एका हॉटेलात मी चार आकडी पिन लावून दिला. आठ दिवसांनी गेलो तर तो रिसेप्शनच्या भिंतीवर, मेनू कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, जाड स्केचपेनने लिहिलेला. खाली "कोणाला सांगू नये" असंही.

किती वाजता

रात्री फोनवर कोणी नसतं, आणि चोर त्याच वेळी येतात. म्हणून परदेशी राउटला टाइम ग्रुप जोडा. वेळा मनाने ठरवू नका, गिऱ्हाइकाच्या घड्याळावरून काढा. दुबई आपल्या दीड तास मागे, म्हणजे तिथले सकाळचे नऊ ते आपले साडेदहा. लंडन उन्हाळ्यात साडेचार तास मागे आणि हिवाळ्यात साडेपाच, कारण ते मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे करतात. आंबा नेमका त्याच सुमाराला सुरू होतो, त्यामुळे मार्चमधली वेळ एप्रिलमध्ये चालत नाही. अमिरातीत २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली, शुक्रवारी अर्धा दिवस काम. कुवेतला मात्र शुक्रवार-शनिवारच. तात्यांच्या पेढीला मी सकाळी आठ ते रात्री साडेनऊ उघडं ठेवलंय. न्यूयॉर्कचं गिऱ्हाईक असतं तर रात्री जास्त ताणावं लागलं असतं, तिथले सकाळचे नऊ म्हणजे एप्रिलमध्ये आपले संध्याकाळचे साडेसहा.

एका कॉलला कमाल वेळही घाला. ॲस्टरिस्कच्या डायल कमांडला एल नावाचा पर्याय आहे, त्यात वेळ मिलिसेकंदात लिहायची. अर्ध्या तासाला अठरा लाख. आकडा बघून तात्या दचकले, त्यांना वाटलं बिल.

लाइन तुटली तर

महामार्गाच्या कामातला जेसीबी आणि मे महिन्यातला वळीव, हे दोघे फायबरचे वैरी. म्हणून रस्ता एकच ठेवून चालत नाही. पहिली ट्रंक, म्हणजे बाहेर जायची वाट, फायबरवरची सिप (इंटरनेटवरून बोलायची) लाइन. दुसरी सिम टाकलेला जीएसएम गेटवे, मोबाईलच्या नेटवर्कवरून कॉल लावणारा डबा. आउटबाउंड राउटमध्ये दोन्ही क्रमाने लावल्या की पहिली बंद पडल्यावर सिस्टीम दुसरी धरते. पण परदेशी राउटला दुसरी ट्रंक लावताना थांबा. सिमवर आयएसडी चालू आहे का, पॅक मारलाय का, पॅकमध्ये कोणता देश आहे, हे बघितल्याशिवाय लावू नका. पॅक नसलेल्या सिमवरून दुबईला दहा मिनिटं बोललात तर डझनभर आंब्याचे पैसे तिथेच. मी फक्त अमिरातीचा राउट सिमवर पडू देतो, बाकीचे देश फायबर जोडेपर्यंत थांबतात.

सिस्टीम, राउटर आणि फायबरचा डबा, तिन्ही यूपीएसवर हवेत. लोक सिस्टीमला यूपीएस देतात आणि फायबरचा डबा भिंतीच्या प्लगला. वीज गेली की सिस्टीम जिवंत आणि रस्ता मेलेला.

तिकडून येणारा कॉल

तात्यांची मूळ तक्रार हीच होती. "रे, तो गिऱ्हाईक मेसेज करता, पण फोन काय लागणा नाय." अमिरातीत व्हॉट्सॲपवरून बोलण्यावर निर्बंध आहेत, मेसेज जातात पण कॉल जात नाहीत. गिऱ्हाईक साधा फोन करायचा, तो वाजायचा ऑफिसात, आणि तात्या त्या वेळी सड्यावरच्या, कातळाच्या माळावरच्या, बागेत.

इनबाउंड राउटमध्ये (आत येणाऱ्या कॉलच्या रस्त्यात) तुमच्या नंबराबरोबर कॉलर आयडीचाही खाना असतो. त्यात ९७१चा पॅटर्न घातला की दुबईचा कॉल बाकीच्यांपासून वेगळा काढता येतो, "इंग्रजीसाठी एक दाबा" हे ऐकवण्यात वेळ न घालवता थेट तात्यांकडे. पण आधी कॉल लॉग उघडून बघा, तो नंबर तुमच्याकडे कसा उमटतो. कुणाकडे ००९७१, कुणाकडे अधिक ९७१, कुणाकडे नुसता ९७१. जसा उमटतो तसाच पॅटर्न.

मी रिंग ग्रुप केला: तात्यांचं टेबल, पुतण्याचं टेबल आणि तात्यांचा मोबाईल एकदम वाजतात. त्यात कन्फर्म कॉल्सची खूण करायला विसरू नका. सड्यावर रेंज नसते. रेंज नसली की मोबाईल कंपनीची बाई फोन उचलून "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" सांगू लागते, कधीकधी सिस्टीमला वाटतं माणसानेच उचलला, आणि टेबलावरचे फोन वाजायचे थांबतात. कन्फर्म चालू असेल तर मोबाईल उचलणाऱ्याला १ दाबावा लागतो. ती बाई १ दाबत नाही.

एक रिंग देऊन तुटणाऱ्या अनोळखी परदेशी नंबराला परत लावू नका. तुम्ही परत लावावं म्हणूनच ती रिंग असते. देश मोजके उघडले असतील तर तुमच्या पोराने लावला तरी जाणार नाही.

दुबईचा भाऊ आणि माझी दिवाळी

प्रत्येक पेढीचा एक भाऊ आखातात असतो. तो म्हणतो, मला एक एक्स्टेन्शन दे, म्हणजे घरबसल्या ऑफिसशी बोलेन. इंटरनेटवरून एक्स्टेन्शन ते एक्स्टेन्शन बोलायला हरकत नाही, फक्त तिकडच्या नेटवर ते चालेलच असं नाही. पण मग तो म्हणतो, तिथूनच कणकवलीला मित्रालाही लावू दे. तिथे नाही म्हणायचं. परदेशातून इंटरनेटने आलेला कॉल इथल्या लाइनवर किंवा सिमवर सोडणं बेकायदा आहे. सिम बॉक्स (खूप सिमं घातलेला डबा) लावून हा धंदा करणाऱ्यांवर पोलीस केस होते, आणि "माझ्या भावासाठी होतं" हे ऐकून कोणी सोडत नाही. परदेशातून कॉल करताना भारताचा नंबर दाखवायची युक्तीही सोडा. ऑक्टोबर २०२४ पासून असे खोटे ९१ दाखवणारे परदेशी कॉल अडवणारी यंत्रणा सरकारने चालू केली आहे.

आणि मी हे ज्या कारणाने शिकलो ते सांगतो. माझ्याच गाळ्यात, मावसभावासाठी राउटरमधून ५०६० पोर्ट, म्हणजे सिप कॉल आत यायचं दार, बाहेर उघडलं होतं. चाचणीसाठी एक्स्टेन्शन केलं होतं १००, पासवर्डही १००. चाचणी झाली, पुसायचं राहून गेलं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दुकान बंद करून घरी गेलो. पाडव्याला येऊन लॉग उघडला तर पहाटे दोन ते चार पान भरून कॉल, सगळे ५३ने सुरू होणारे. ५३ म्हणजे क्युबा. माझं क्युबात कोणी नाही. इंटरनेटवर दिवसरात्र यंत्रं फिरत असतात, दारं ठोठावत, १०० ला १००, १०१ ला १०१ करून बघत. दार उघडलं की महागड्या नंबरांवर कॉल लावतात, आणि त्या पैशातला वाटा त्यांना मिळतो. मी वाचलो तो लाइन प्रीपेड होती म्हणून. साडेसहा हजार होते, तेवढेच गेले.

म्हणून आता पोर्ट बाहेर उघडत नाही, बाहेरच्या फोनला व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरचा कुलूपबंद खाजगी रस्ता. पासवर्ड यंत्राने बनवलेले, लांब. अनोळखी सिप कॉल घेण्याचा पर्याय बंद. चुकीचा पासवर्ड देणाऱ्याला हाकलणारं फेलटूबॅन चालू. आणि लाइनवाल्याकडे क्रेडिट लिमिट, लेखी.

बसवून झालं की मी लागणारे कॉल कमी आणि न लागणारे जास्त तपासतो. गेटवरच्या फोनवरून दुबई: लागता कामा नये. तात्यांच्या फोनवरून ५३: नये. तात्यांच्याच फोनवरून रात्री दहाला दुबई: नये. ११२ मात्र गंमत म्हणून फिरवू नका, पडद्यावर राउट बघून खात्री करा.

टाइम ग्रुपमध्ये महिनेही घालता येतात, तात्यांचे परदेशी राउट फेब्रुवारी ते मे एवढेच आहेत. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की ते फोन करतात, "पाऊस इलो रे, कुलूप लागला मां?" लागलेलं असतं. कुवेतचं तेवढं मी वेगळ्या ग्रुपमध्ये जुलैअखेरपर्यंत ठेवलंय, पल्पच्या डब्यांचे पैसे तिथून उशिरा येतात आणि तात्यांना आठवण करायला फोन लागतो.